हसूदादांचा चर

हसूदादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या लॉनवर अनवाणी उभे होते आणि मी गॅलरीतून ओरडलो होतो, "ओ, गवतावरून उतरा!" ते शांतपणे उतरले आणि खाली पाटी आहे का ते बघू लागले. पाटी होती. मीच रंगवली होती. तिच्यावर 'हिरवळीवर चालू नये' असं लिहिलं होतं आणि ती हिरवळीच्या बरोबर मधोमध रोवलेली असल्यामुळे वाचायची तर हिरवळीवर चालतच जावं लागायचं.

ठाण्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि पनवेलला, करंजाड्याच्या जरा पुढे, रो-हाऊस घेतलं. चौदा घरं तीन बाजूंना, मधे हिरवळीचा चौक, मागे कंपाउंडची भिंत. पहिल्याच सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला. तेरा जणांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं, मी एकट्याने समोर पाहिलं. तेव्हापासून लॉन माझ्याकडे आहे. बायको म्हणाली, "आमच्या माहेरी गवत उपटायला बायका लावायचे. तू ते लावायला माणूस शोधतोयस."

तो माणूस मला मिळाला असं वाटून मी खाली गेलो. ठेंगणे, काळेसावळे, सत्तरीचे गृहस्थ. खाकी हाफ पँट, चौकड्याचा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात कोयता.

"बागकामाला आलात का?"

"हां, करतो ना."

"आधी कुठे काम केलंय?"

"हितंच."

"इथे म्हणजे कुणाकडे?"

"आमच्याकरंच."

म्हातारा जरा घोटाळलेला दिसतोय, असा मी निष्कर्ष काढला. मग दहा मिनिटं त्यांना लॉन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर्गात इतकं लक्ष मला कधी कुणी दिलं नव्हतं.

आमची चौदा घरं हसूदादांच्या भातशेतावर उभी आहेत आणि माझं स्वयंपाकघर जिथे आहे तिथे त्यांचं खळं होतं, हे मला चार महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी त्यांना माझे दोन जुने शर्ट देऊन बसलो होतो. त्यांना सकाळी एक भलीमोठी पांढरी गाडी गेटपाशी सोडायची, तेव्हा मी बायकोला म्हणालोही होतो, "बघ, अजून चांगली माणसं आहेत. बिचाऱ्याला रोज कुणीतरी लिफ्ट देतं." ती गाडी त्यांच्या मुलाची होती. विलासचे न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचे ट्रेलर चालतात. गणपतीला त्यांनी घरी बोलावलं तेव्हा तीन मजली बंगल्याच्या संगमरवरी जिन्यावरून घसरता घसरता मी वाचलो. शर्टांचं काय झालं ते विचारायचं धाडस झालं नाही. परतताना दिसलं. एक शर्ट त्यांच्या शेतातल्या बुजगावण्याला घातला होता. माझ्यापेक्षा त्याला चांगला बसला होता.

मुलांना बापाचं हे दुसऱ्यांच्या दारात गवत कापणं अजिबात आवडत नसे. "बाबा, लोक आम्हाला काय म्हनतील?" असं विलास माझ्यासमोरच म्हणाला होता. हसूदादा म्हणाले, "लोक काय बोलतील ते बोलतील. मी माज्या जमिनीकरं बघतो."

त्यांची बघायची पद्धत पायाची होती. कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी ते टाच जमिनीत दाबून जरा वेळ थांबत. मग सांगत, इथे पाणी कमी पडतंय, इथे जास्त झालंय, इथे खाली डबर भरलंय म्हणून गवत पिवळं पडणार. ऐन मेमध्ये मी नवीन यंत्र आणून लॉन इतकं बारीक कापलं की दोन दिवसांत सगळा चौक करपला. मी रोपवाटिकेवाल्याला फोन करून खराब गवत दिल्याबद्दल झापत होतो, तेव्हा हसूदादा मागे उभे होते. फोन झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, उन्हाल्यात केस कापाचे. टकला नाय कराचा."

मे उजाडला की ते घरांभोवती फेरी मारत. प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारत, "वारा आला तर ह्यो कुठं जाईल?" गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या, डिशची छत्री, नारळाच्या वाळक्या झावळ्या, पार्किंगच्या शेडचा पत्रा, सगळ्यांना हा प्रश्न. उत्तर समाधानकारक नसेल ते उतरवायचं, तोडायचं नाहीतर तारेने बांधायचं. एकदा मी मदत म्हणून स्टुलावर चढलो होतो. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मास्तर, वारा आला तर तुमी कुठं जाल?" मी उतरलो.

आणि दर मेमध्ये ते चर खणत. मागच्या भिंतीच्या सखल कोपऱ्यापासून थेट चौकातून गेटजवळच्या नाल्यापर्यंत, वीतभर खोल आणि हातभर रुंद. हिरवळीची सरळ दोन शकलं होत. मला तो चर डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण ते खणताना गोष्टी सांगत, म्हणून मी कोरा चहा घेऊन तिथे बसायचो.

जोळीची गोष्ट तिथेच ऐकली. खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी शेतात शिरायला लागलं, की गावात हाळी द्यायची. घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन आलाच पाहिजे. ह्या रीतीला जोळ म्हणायचे. त्यांच्या वडलांनी लग्नाच्या हळदीतून उठून बांधावर माती टाकली होती.

"ज्याच्या शेतापाशी बांध फुटला नाही, त्यानेही यायचं?" मी विचारलं.

"खारा पानी ईचारून शिरतो कं, कोनाचा शेत हाय म्हनून?"

मी मान डोलावली. समजलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

तिसऱ्या वर्षी माझे शाळेतले जुने सहकारी लॉन बघायला येणार होते. मी फोनवर त्या लॉनचं वर्णन फार केलं होतं. त्यामुळे एप्रिलमध्येच मी तयार गवताचे गालिचे आणून अंथरले आणि चराच्या जागी सिमेंटमध्ये पक्के पेव्हर ब्लॉक बसवून पायवाट केली. दोन्ही बाजूंना जमिनीत बसवलेले छोटे दिवे. सहकारी आले, पायवाटेवर उभे राहून त्यांनी फोटो काढले, आमरस खाल्ला आणि गेले. त्यातला एक विज्ञानाचा होता. तो मला म्हणाला, "पाण्याचं काय केलंयस?" मला वाटलं जळतोय.

मेमध्ये हसूदादा फावडं घेऊन आले. पायवाट बघून थबकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"मास्तर, पानी कुठनं जाईल?"

मी घरात जाऊन चौकाचा नकाशा आणला. समोच्च रेषा मी स्वतः काढल्या होत्या, निळ्या शाईने. उतार, झिरपण्याचा वेग, मातीचे थर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "पाणी मुरेल, दादा."

"मुरंल ना," ते म्हणाले. "दिवालीपर्यंत मुरंल."

एवढं बोलून त्यांनी फावडं खांद्यावर टाकलं आणि पार्किंगचा पत्रा बांधायला गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. पण मी सेक्रेटरी होतो आणि जमीन आता कागदावर त्यांची नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्याच दिवशी त्यांनी मला भिंतीपलीकडचं खाचर दाखवलं. विकायचं राहिलेलं तेवढंच एक शेत. दिवाळीनंतर तेही बिल्डरकडे जाणार होतं, मुलांचं बोलणं झालं होतं. "यंदा शेवटचा भात," ते म्हणाले. बी त्यांच्या आईने राखलेलं, लाल तांदळाचं. दर वर्षी त्यातलंच पेरायचं, त्यातलंच पुढच्या वर्षाला ठेवायचं. ह्या शेतातून एकदा शेवटचं ते घरी न्यायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. रोपं करायला त्यांनी आमच्या भिंतीलगतची जागा निवडली होती, कारण तिथे माती चांगली होती. जूनच्या शेवटाला रोपं वीतभर झाली. मी रोज गॅलरीतून बघायचो. आमच्या गालिच्यापेक्षा ती हिरवी होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग तो रविवार आला. जेवून मी आडवा झालो होतो. वारा असा सुटला की कंपाउंडमधल्या नारळांच्या झावळ्या उडून थेट पार्किंगमध्ये आल्या. पत्रा मात्र जागचा हलला नाही, तो हसूदादांनी बांधला होता. पाऊस आडवा येत होता. अर्ध्या तासात चौकाचं तळं झालं. माझे दिवे आपोआप लागले आणि पाण्याखालून लुकलुकू लागले. दिसायला सुंदर दिसत होतं, हे कबूल केलं पाहिजे. पाणी पायऱ्या चढत होतं. सगळ्यात सखल घर चार नंबरचं. तिथे गोखल्यांच्या आई तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या, ऑक्सिजनच्या मशीनवर. गोखले दारातून ओरडत होते, "पाणी आत आलं! मशीन उचलू की आईला उचलू?"

हसूदादा आपली रोपं बघायला आलेले असणार. भिंतीवर चढून त्यांनी आत बघितलं आणि पहिलं वाक्य ओरडले ते, "मास्तर, घरटी एक मानूस काढा!"

मी काय केलं? मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'कृपया प्रत्येक घरातून एका सदस्याने त्वरित चौकात उपस्थित राहावे.' सहा जणांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, विषय काय आहे. प्रत्यक्षात चौघे आले, त्यातले दोघे छत्री घेऊन.

हसूदादा आत उतरले आणि आम्ही पायवाट फोडायला लागलो. पहारीचा घाव घातला की हाताला झिणझिण्या, ब्लॉक जागच्या जागी. इतकं पक्कं काम मी पनवेलमध्ये दुसरं पाहिलेलं नाही. मी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. दहा मिनिटांत दोन ब्लॉक निघाले आणि पायवाट चाळीस फूट होती.

हसूदादांनी माझ्या हातातून पहार घेतली आणि ते मागच्या भिंतीकडे चालू लागले. ते काय करणार हे लक्षात यायला मला वेळ लागला. मग मी पाण्यातून धावलो.

"दादा, पलीकडे तुमची रोपं आहेत!"

"ठावं हाय."

"थोडं थांबू या. पाऊस कमी होईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तवरी म्हातारी पोवल कं?"

भिंत एकेरी विटेची होती. सातआठ घावांत खालचा भाग ढासळला आणि चौकातलं सगळं पाणी एकदम त्या भगदाडातून पलीकडे गेलं. पंधरा मिनिटांत चार नंबरच्या पायऱ्या दिसायला लागल्या. गोखल्यांच्या आईंचं मशीन चालू राहिलं. मी भगदाडातून वाकून पलीकडे पाहिलं. रोपं होती तिथे गढूळ पाणी आणि आमच्या लॉनची लाल माती होती. हिरवं काही नव्हतं.

हसूदादा आमच्या दारात येऊन पायरीवर बसले. बायकोला म्हणाले, "ताई, च्या टाक कोरा." ती चहा करताना रडत होती. मला फार लाज वाटली. माफी मागायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "बसा मास्तर. च्या घ्या." बायको पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढा शांत संसार आमचा कधी झाला नव्हता, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

आता त्या लाल भाताची रोपं कुठून आणायची? घरात पुन्हा पेरण्याइतकं बी उरलं नव्हतं आणि दिवसही उरले नव्हते. पण पुष्कळ वर्षांपूर्वी हसूदादांच्या बहिणीने, काशीबाईने, हे बी मूठभर सासरी नेलं होतं. उरणपुढे, मोरा बंदराच्या रस्त्यावरचं गाव. आम्ही विलासच्या गाडीतून गेलो. विलास वाटभर धुमसत होता. "सर, तुम्ही तरी समजवा त्यांना. मी पायजे तेवढा तांदूळ आणून देतो." मी मागच्या सीटवर होतो आणि कुणालाही काही समजावण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

काशीबाई पंचाहत्तरीच्या, भावासारख्याच ठेंगण्या. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "ह्योच कं तो मास्तर? काय शिकवाचा?"

"भूगोल," मी म्हणालो.

त्यांनी भावाकडे तोंड फिरवलं. आपली लावणी उरकली की उरलेली रोपं घेऊन जा, असं त्यांनी त्याला सांगितलं. आठवड्याने पुन्हा गेलो. त्यांनी रोपं काढून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. उरलेल्या म्हणत होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या शेताचा एक कोपरा रिकामा होता. हसूदादांना तो दिसला. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. परतताना चिखलाने माखलेल्या जुड्या विलासच्या चामड्याच्या सीटवर रचल्या होत्या. उरणच्या फाट्यावर विलासने गाडी थांबवली, उतरून मागे आला आणि जुड्यांवर ओलं पोतं नीट पांघरलं.

लावणीच्या दिवशी मी ग्रुपवर मेसेज टाकला नाही. चौदाही घरांच्या बेल स्वतः वाजवल्या. अकरा घरांतून माणूस आला. गुडघ्यापर्यंत पँटी दुमडून आम्ही शेताच्या बांधावर उभे राहिलो तेव्हा हसूदादांच्या चेहऱ्यावर त्या वादळातही न दिसलेली भीती दिसली. तरी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं. वीस मिनिटांनी त्यांनी आमची ओळ मागे वळून पाहिली. काही रोपं आडवी होती, काही तरंगत होती, काही आम्ही स्वतःच तुडवली होती. एकेकाला त्यांनी अदबीने बाहेर काढलं. गोखले तेवढे पास झाले. मला म्हणाले, "मास्तर, तुमी बांधावर ऱ्हा. जुड्या द्या आमाला." दिवसभर मी जुड्या फेकत होतो. त्यातल्याही दोन विलासच्या डोक्यात बसल्या. होय, विलास शेतात होता.

भात उशिरा आला, निम्माच आला, पण आला. दिवाळीआधी त्यांनी तो कापला, झोडला आणि शेवटचं धान्य त्या शेतातून घरी नेलं. नव्या तांदळाच्या भाकऱ्या खायला आमच्या अकरा घरांना बोलावणं होतं. उरलेल्या तिघांनाही होतं. काशीबाई आल्या होत्या. त्यांनी मला वाढताना विचारलं नाही, सरळ चौथी भाकरी टाकली.

माघात हसूदादा गेले. झोपेतच गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी महिनाभर, त्या खाचरात बिल्डरने भूमिपूजन केलं त्या सकाळी. मंडप, खुर्च्या, पहिल्या रांगेत फेटा बांधलेले हसूदादा. मी गॅलरीत होतो. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि भरावाच्या मातीचे डंपर रिकामे व्हायला लागले. जेसीबी माती पसरत आमच्या भिंतीकडे सरकत होता. हसूदादा भाषण चालू असताना खुर्चीवरून उठले आणि फेट्यासकट जेसीबीच्या समोर जाऊन उभे राहिले.

"इदर मत भरो," ते ऑपरेटरला सांगत होते. "चार हात छोडो. ये लोगों का पानी इदरसे जाता हाय."

ऑपरेटर परमुलखातला, वयाने तिशीचा. त्याने वरूनच हात हलवला. "चाचा, ड्रॉइंग में नाली नहीं है. साइड हो जाइए."

"ड्रॉइंग पानी ने देखेला नाय."

बिल्डरचा माणूस धावत आला, मागून विलासही. हसूदादा हलले नाहीत. त्यांच्या पाठीमागे आमची भिंत होती आणि भिंतीतलं ते भगदाड, जे मी पावसाळ्यानंतर बुजवायचं ठरवून विसरलो होतो. चौकातली पायवाट अजून तशीच पक्की होती, आणि भराव तिथपर्यंत आला असता तर पुढच्या पावसात आम्हा चौदा घरांच्या पाण्याला कुठूनही वाट राहिली नसती. हे मला त्या क्षणी गॅलरीत कळलं. ज्यांच्यामुळे त्यांची रोपं गेली, त्यांच्यासाठी तो माणूस यंत्रापुढे उभा होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "बरोबर आहे! तिकडूनच जातं!" कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी जिना उतरून धावलो.

मी पोचेपर्यंत यंत्र बंद झालं होतं. ऑपरेटर खाली उतरला होता, त्याने चप्पल काढून बाजूला ठेवली होती. हसूदादा त्याचं मनगट धरून, टाच जमिनीत दाबायला लावून त्याला पाण्याचा रस्ता दाखवत होते, आणि विलास बिल्डरच्या माणसाला अडवून उभा होता.